देणे आणि घेणे : मराठी ख्रिस्ती लेखनातील स्वीकाराचे बालशिक्षण

(१)

परक्याला आपले मानावे, ही शिकवण मुलांना लहानपणीच द्यावी, असे बहुतेक धर्मपरंपरा सांगतात. ख्रिस्ती परंपरेत या शिकवणीला मध्यवर्ती स्थान आहे. येशूने बालकांना आपल्याजवळ येऊ देण्यास सांगितल्याचा मार्काच्या शुभवर्तमानातील प्रसंग, परक्याला घरात घेणे म्हणजे प्रभूलाच घरात घेणे असे मानणारा मत्तयातील उपदेश आणि लूकमधील चांगल्या शोमरोन्याचा दाखला, हे तिन्ही भाग रविवारच्या शाळेत मुलांना फार लवकर सांगितले जातात. ही शिकवण मराठी प्रदेशात आली तेव्हा तिची गाठ जातिभेदाशी, सोवळ्याओवळ्याशी आणि परस्परांच्या हातचे पाणीही न घेणाऱ्या समाजाशी पडली. तिचे येथे काय झाले, हा प्रश्न केवळ चर्चच्या इतिहासापुरता नाही. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकानेही तो विचारायला हवा, कारण त्याचे उत्तर बऱ्याच अंशी मराठी पुस्तकांतच आहे.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आजवरचा अभ्यास प्रामुख्याने तीन अंगांनी झालेला दिसतो. फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून (१६१६) कोशकार व व्याकरणकारांपर्यंतची भाषासेवा हे पहिले अंग, बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’सारखी धर्मांतराची आत्मवृत्ते हे दुसरे, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कविता हे तिसरे. या वाङ्मयात मूल कसे घडते, कोणाला पाहून घडते आणि ‘दुसरा’ त्याच्यासमोर कोणत्या रूपात येतो, याची चर्चा मात्र तुरळकच आढळते. प्रस्तुत निबंधात या अंगाचा मर्यादित विचार करावयाचा आहे.

त्यासाठी एका शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. मराठीत ‘स्वीकार’ या शब्दाचा मूळ अर्थ घेणे असा आहे. आपण दान देतो, पण स्वीकारतो ते दुसऱ्याने दिलेले. धार्मिक बालशिक्षणात मात्र परक्याच्या स्वीकाराचा धडा बहुधा देण्याचा धडा म्हणून शिकवला जातो. भुकेल्याला अन्न द्यावे, अनाथाला घर द्यावे, अज्ञानी माणसाला ज्ञान द्यावे. या शिकवणीचे मोल कमी नाही. परंतु देणारा नेहमी देतच राहिला तर तो उंचावर राहतो आणि घेणारा खाली. दुसऱ्याजवळही आपल्याला हवे असे काही आहे, ते त्याच्याकडून घेतले पाहिजे, ही जाणीव झाल्याखेरीज स्वीकार पुरा होत नाही. मराठी ख्रिस्ती लेखनात हा दुसरा धडा कोठे सापडतो, हे शोधण्यासाठी काशी, मुंबई-पुणे आणि अहमदनगर या तीन ठिकाणच्या उदाहरणांचा येथे विचार केला आहे.

(२)

आरंभ काशीपासून करणे उचित ठरेल. नीलकंठशास्त्री गोरे (१८२५-१८९५) हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. जॉन म्यूर यांनी संस्कृतात केलेल्या ख्रिस्ती प्रतिपादनाला उत्तर म्हणून त्यांनी तरुण वयात ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. काशीतील चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याशी त्यांनी वाद आरंभिला तो त्यांना निरुत्तर करण्यासाठी. तो वाद पुढे त्यांच्याच मनात शिरला आणि १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या हे नाव त्यांना त्या वेळी मिळाले. पुढे ‘षड्दर्शन दर्पण’ हा त्यांचा हिंदी ग्रंथ गाजला आणि पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारावरही त्यांचा प्रभाव पडला. हा इतिहास अभ्यासकांना परिचित आहे. त्यांच्या मुलीची हकीकत मात्र मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही.

एलेन लक्ष्मी गोरे हिचा जन्म सप्टेंबर १८५३ मध्ये काशीत झाला. आईचे नाव लक्ष्मीबाई. मुलीच्या जन्मानंतर लवकरच त्या निवर्तल्या. वडील १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंग यांच्यासमवेत इंग्लंडला गेले. मुलीला प्रथम एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज कुटुंबाने सांभाळले. १८५७ च्या उठावात त्या कुटुंबाची वाताहत झाली, तेव्हा स्टॉर्स नावाच्या मिशनऱ्याने तिला आपल्या घरी घेतले व पुढे इंग्लंडला नेले. तेथेच तिचे शिक्षण झाले. १८८० साली ती भारतात परतली, अमृतसरला व नंतर अलाहाबादला मिशनकार्यात आणि अनाथ मुलींच्या संगोपनात तिने आयुष्य वेचले आणि १९३७ मध्ये तिचे निधन झाले. तिची इंग्रजी स्तोत्ररचना पाश्चात्त्य चर्चच्या गीतसंग्रहांत समाविष्ट झाली.

एका पोरक्या मुलीला दोन परक्या कुटुंबांनी पोटच्या लेकरासारखे वाढवले, यातील वात्सल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्या काळी धर्मांतरित ब्राह्मणाच्या मुलीला तिच्या आप्तांकडून हे घर मिळाले नसते, हेही मान्य केले पाहिजे. प्रश्न निराळा आहे. या घरांनी मुलीला सर्व काही दिले, पण तिच्याकडून काय घेतले? काशीतल्या मराठी घरात जन्मलेली ही मुलगी कविता करू लागली तेव्हा तिची भाषा इंग्रजी होती. वडिलांनी संस्कृत, हिंदी आणि मराठी यांतून जो वाद व संवाद आयुष्यभर केला, त्याचा वारसा तिच्या लेखनाच्या भाषेत उतरला नाही. ज्या इंग्रज घरांत ती राहिली, त्यांतील मुलांनी तिच्याकडून एखादा मराठी शब्द, एखादे गाणे, एखादा खाण्याचा पदार्थ शिकावा, अशी अपेक्षा त्या काळात कोणी केली नसणार. मूल सामावले गेले. त्याच्यासोबत आलेले जग उंबऱ्याबाहेर राहिले.

हा दोष कोणा एका कुटुंबाचा म्हणता येणार नाही. तो त्या काळच्या मिशनरी कल्पनाविश्वाचा आहे, आणि मराठी ख्रिस्ती कथालेखनाच्या घडणीतही तो दिसतो. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) हिंदू विधवांच्या दुःखांचे जे चित्रण आहे ते मराठी कादंबरीच्या आरंभकाळातील मोठे धाडस होते. तरीही त्या कथेचा प्रवास ज्या मुक्कामाकडे चालला आहे तो मुक्काम ख्रिस्तशरणतेचा आहे. वाटेत भेटणाऱ्या स्त्रिया आपापली दुःखे यमुनेला सांगतात, त्या दुःखांवरचे उत्तर मात्र आधीच ठरलेले असते. अशा कथांवर वाढलेल्या बालवाचकाला दुसऱ्याविषयी करुणा वाटू लागेल यात शंका नाही. पण दुसरा माणूस आहे तसा आपल्या शेजारी राहू शकतो आणि तसा राहूनही त्याच्यापासून आपल्याला काही मिळू शकते, हे त्याला त्या कथेतून उमगणे कठीण.

(३)

काशीतच या चित्राच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवता येते. ते ख्रिस्ती नाही, परंतु तुलनेसाठी उद्‌बोधक आहे. पंचगंगा घाटालगतचा बालाजी घाट हा काशीतील मराठी वस्तीच्या इतिहासाशी जोडलेला आहे. पेशव्यांच्या आश्रयाची परंपरा त्याला आहे आणि घाटाचे नाव तेथील बालाजी मंदिरावरून रूढ झाले आहे. या मंदिरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक मुसलमान मुलगा सनईचा रियाज करण्यासाठी येत असे. १९१६ साली डुमराव येथे जन्मलेला हा मुलगा बालपणीच मामाकडे काशीत आला. मामा अलीबक्ष हे विश्वनाथ मंदिराशी संबंधित सनईवादक होते. या मुलाचे नाव पुढे उस्ताद बिस्मिल्ला खाँ म्हणून जगाला माहीत झाले. २००१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि २००६ मध्ये काशीतच त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते श्रद्धाळू शिया मुसलमान राहिले आणि बालाजी मंदिरातील रियाजाच्या दिवसांची आठवणही तितक्याच श्रद्धेने सांगत राहिले.

एलेन लक्ष्मी आणि हा मुलगा यांच्यात सुमारे साठ वर्षांचे अंतर आहे आणि दोघांची परिस्थितीही सर्वस्वी भिन्न आहे. एक पोरकी, तर दुसरा आपल्या घरी राहून मंदिरात येणारा. तरीही स्वीकाराच्या दोन रीती त्यांच्यामुळे स्पष्ट होतात. बालाजी मंदिराने त्या मुलाला फारसे काही दिले नाही; बसायला जागा दिली एवढेच. त्याच्याकडून मात्र सूर घेतला. मंदिराच्या पायऱ्यांवर खेळणाऱ्या मुलांच्या कानांवर परधर्मीय मुलाची सनई रोज पडावी आणि तो सूर त्यांना देवाच्या घरचाच वाटावा, हा संस्कार कोणत्याही उपदेशापेक्षा खोल जाणारा आहे.

तथापि या चित्राचेही भाबडे गौरवीकरण करून चालणार नाही. मंदिरातील सनईवादकाची जागा परंपरेने नेमून दिलेली होती. वाद्य त्याचे, देव इतरांचा, अशी ती वाटणी होती. सूर ग्राह्य असला तरी त्याच वादकाच्या हातचे पाणी त्या काळच्या सोवळ्या घरांत ग्राह्य नव्हते. मुलांना या व्यवस्थेतून आदर शिकता येत होता, बरोबरी शिकता येत नव्हती. म्हणजे एका रीतीत घर मिळते पण सोबत आणलेले काही घेतले जात नाही. दुसरीत सोबत आणलेले घेतले जाते पण घर मिळत नाही. या दोहोंची सांगड मराठी ख्रिस्ती जगात कोणी घातली काय, हा यापुढचा प्रश्न आहे.

(४)

तशी सांगड नियमांनी घालण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात झाला. अमेरिकेत १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. संस्था चालवणारी बाई ख्रिस्ती, पैसा अमेरिकन ख्रिस्ती मंडळींचा आणि विद्यार्थिनी बहुतांशी उच्चवर्णीय हिंदू बालविधवा. धर्माच्या बाबतीत सक्ती नाही, मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक, स्वयंपाकाची निराळी व्यवस्था, असे सदनाचे धोरण होते. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या हिंदूच राहिल्या आणि ‘माझे पुराण’ या आत्मवृत्तात त्यांनी सदनाच्या दिवसांचे व रमाबाईंचे कृतज्ञतेने स्मरण केले आहे. एवढे एक उदाहरणही सदनाच्या मूळ धोरणाचे यश दाखवण्यास पुरेसे आहे.

परंतु धोरण टिकले नाही. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. त्यांना हाकलण्यास रमाबाई तयार नव्हत्या. पालकांना व सल्लागारांना मात्र तो विश्वासभंग वाटला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक मुली काढून घेण्यात आल्या. या वादात ‘केसरी’ची बाजू आणि रमाबाईंची बाजू यांची चर्चा विपुल झालेली आहे. बालशिक्षणाच्या दृष्टीने त्यातून निघणारा मुद्दा थोडा वेगळा आहे. उघडे दार हे रमाबाईंच्या लेखी आतिथ्य होते. दाराबाहेर उभ्या असलेल्या पालकांच्या लेखी ते आमिष होते. एकाच दाराचे हे दोन अर्थ होत असताना मूल मात्र मधोमध उभे होते.

मूल कधीच एकटे येत नाही. त्याच्यामागे त्याचे आईबाप, जात, देव, सण आणि भीती असते. मुलाचा स्वीकार करावयाचा तर या सर्वांचा त्याच्यावरील हक्कही काही प्रमाणात स्वीकारावा लागतो. रमाबाईंना याची जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही, कारण याच प्रश्नाची दुसरी बाजू त्यांनी स्वतः भोगली होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी शाकाहार आणि भारतीय राहणी सोडली नाही. मुलगी मनोरमा हिच्या धार्मिक शिक्षणाबद्दल सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. हा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. तो वाचताना असे दिसते की, आपल्या मुलीच्या मनाची घडण कोणी करावी याबाबत आईचा हक्क रमाबाई इंग्रज जोगिणींसमोर निर्धाराने मांडत होत्या. जो हक्क त्यांनी आई म्हणून मागितला, तोच पुण्याचे पालक त्यांच्याकडे मागत होते. दोन्ही ठिकाणी देणाऱ्याच्या प्रेमाविषयी वाद नव्हता. वाद होता तो त्या प्रेमाला मर्यादा कोणी घालावी, याविषयी.

(५)

नियमाने जे साधले नाही ते एका घरात, कोणतीही घोषणा न करता, साधलेले दिसते. ते घर म्हणजे नारायण वामन आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे अहमदनगर परिसरातील घर, आणि त्याचा दस्तऐवज म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६). या ग्रंथाची समीक्षा विनोद, निर्व्याज निवेदन आणि पतिपत्नीच्या नात्याचे चित्रण या अंगांनी पुष्कळ झाली आहे. तो बालशिक्षणाचाही ग्रंथ आहे, हे फारसे सांगितले गेलेले नाही.

ग्रंथाचा आरंभच मुळी एका विपरीत शिक्षणाने होतो. लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. जन्म १८६८ चा, त्र्यंबकेश्वराजवळील जलालपूरचा. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे विकोपाला गेले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही, आणि मुलांनी कोणाला शिवायचे नाही. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात, पण त्या हसण्याआड एक शैक्षणिक सत्य आहे. दुसरा माणूस कोण, कसा, त्याचे नाव काय, हे कळण्यापूर्वीच तो विटाळ आहे हे त्या घरातल्या मुलांना कळत होते. हे ज्ञान त्यांना पुस्तकाने वा प्रवचनाने दिले नव्हते. ते पाण्याच्या घागरीतून, धुतलेल्या धान्यातून, वडिलांच्या ओरडण्यातून त्यांच्या अंगात मुरले होते. बहिष्कार जर असा हातांतून शिकवला जात असेल, तर स्वीकारही केवळ शब्दांनी शिकवता येणार नाही, हे ओघानेच येते.

टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे आल्या त्या हिंदू म्हणूनच. आपली चूल त्यांनी वेगळी ठेवली आणि सोवळे पाळले. हा तपशील अत्यंत महत्त्वाचा आहे. ख्रिस्ती घरात एक हिंदू पत्नी वेगळ्या चुलीसह राहते आणि घर ते चालवून घेते, हीच ‘स्मृतिचित्रे’तील स्वीकाराची पहिली पायरी. येथे घराने तिच्याकडून काही मागितले नाही. पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा लक्ष्मीबाईंनी आपल्याच मनाशी विचार केला, तो माणसाने केला असा निर्वाळा स्वतःला दिला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

या क्रमाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या परिवर्तनाचा कळस काही देण्यात नाही, घेण्यात आहे. कनवाळूपणा त्यांच्या ठायी आधीही होता. सोवळ्यातली बाईसुद्धा उपाशी माणसाला दुरून अन्न वाढू शकते. तिला अशक्य असते ते त्या माणसाच्या हातून पाण्याचा पेला घेणे. जलालपूरच्या घरात धुतल्या गेलेल्या प्रत्येक दाण्याला या निश्चयाने उत्तर मिळते. म्हणूनच पुढच्या काळात दुष्काळ व प्लेग यांच्या सावटाखाली टिळकांचे घर जेव्हा अनाथ मुलांनी, विद्यार्थ्यांनी, आल्यागेल्यांनी भरून गेले, तेव्हा त्या घरातील स्वतःच्या मुलांना परोपकाराचा पाठ वेगळा द्यावा लागला नसावा. नगर भागातील ख्रिस्ती समाज मोठ्या प्रमाणात महार व मांग जातींतून आलेला होता. ब्राह्मण मातापित्यांच्या घरात त्या समाजातील मुले एकत्र वाढतात आणि घरची बाई त्यांच्या हातचे खाते, ही गोष्ट मुलांनी रोज पाहिली. संस्कार या शब्दाचा खरा अर्थ एवढाच आहे.

या घराचा दुसरा पुरावा बालकवी ठोमरे यांचा. १९०७ मधील जळगावच्या कविसंमेलनात ज्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, ते त्र्यंबक बापूजी ठोमरे टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. ‘स्मृतिचित्रे’त त्यांचे हट्ट, रुसवे आणि निरागसपण मोठ्या मायेने आले आहे. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. टिळक धर्मोपदेशक होते आणि धर्मप्रसार हे त्यांचे जीवितकार्य होते, तरी या तरुणाच्या वास्तव्याला त्यांनी अट घातली नाही. उलट त्याच्या प्रतिभेचे त्यांना अपार कौतुक होते. म्हणजेच घर त्याला काही देत होते आणि त्याच्याकडून आनंद घेतही होते. एलेन लक्ष्मीला ज्याची वाण पडली ती देवघेव येथे घडलेली दिसते.

टिळकांच्या वाङ्मयकार्यातही हीच वृत्ती आहे. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मराठी चर्चला त्यांनी अभंग आणि भजन दिले, ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. ‘उपासना संगीत’ हाती घेऊन चर्चमध्ये गाणारे मूल नकळत वारकऱ्यांच्या चालीवर आणि छंदावर वाढते. फादर स्टीफन्सने तीन शतके आधी ओवीचा स्वीकार केला होता, त्याच परंपरेचे हे पुढचे पाऊल होय. १९१७ मध्ये साताऱ्यास स्थापिलेल्या ‘देवाच्या दरबारा’त तर बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. १९१९ साली टिळक वारले आणि तो प्रयोग रूढ चर्चव्यवस्थेत फार पुढे जाऊ शकला नाही. पण तो एकाएकी सुचलेला नव्हता. वेगळ्या चुलीला आणि बालकवींना ज्या घरात जागा होती, त्याच घराचा तो विस्तार होता.

(६)

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. ज्याला आपल्या श्रद्धेतच तारण दिसते, त्याने आपल्या मुलांना ‘दुसरा आहे तसा राहू दे’ असे शिकवणे ही श्रद्धेशी प्रतारणा नव्हे काय? मिशनरी परंपरेतील अनेकांनी हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला आहे आणि त्याला उडवून लावणे योग्य नाही. टिळक दांपत्याचे उदाहरण असे सुचवते की, येथे विरोध श्रद्धा आणि स्वीकार यांत नाही. तो घाई आणि स्वीकार यांत आहे. लक्ष्मीबाईंना त्यांचा निर्णय त्यांच्या गतीने घेऊ दिला गेला म्हणून तो त्यांचा झाला. बालकवींनी तसा निर्णय घेतला नाही, आणि तरी ते घरचेच राहिले. श्रद्धेचे निवेदन करणे वेगळे आणि तिला प्रवेशाची अट करणे वेगळे. लहान मुलाला हा भेद व्याख्येने कळत नाही, पण पंगतीत कोण कोण बसले आहे हे पाहून निश्चित कळतो.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचेही या दृष्टीने पुनर्वाचन करावे लागेल. बालवर्गात हा दाखला सांगताना मुलांना बहुधा शोमरोन्याच्या जागी उभे केले जाते : तुम्हीही असे मदत करणारे व्हा. मूळ कथेच्या श्रोत्यांच्या दृष्टीने मात्र शोमरोनी हा परका, तिरस्कृत, ज्याच्याशी व्यवहार ठेवू नये असा. श्रोत्यांपैकी कोणी असलाच तर तो वाटेवर जखमी होऊन पडलेला माणूस आहे, आणि त्याला वाचवणारा हात परक्याचा आहे. कथेचा धक्का परक्याला मदत करण्यात नसून परक्याची मदत घेण्यात आहे. मराठी भाषेत तिचा अनुवाद करावयाचा तर तो लक्ष्मीबाईंच्या पाण्याइतका अचूक दुसरा सापडणार नाही.

अमेरिकन मराठी मिशनने १८७२ मध्ये सुरू केलेल्या ‘बालबोधमेवा’पासून मराठी ख्रिस्ती बालवाङ्मयाची जी परंपरा सुरू झाली, तिचे मूल्यमापन करतानाही ही कसोटी उपयोगी ठरावी. त्या लेखनातील मूल दुसऱ्याला काय देते, हे मोजून थांबू नये. ते दुसऱ्याकडून काय घेते, आणि घेतल्यावर त्याचे नाव, त्याचा देव, त्याची भाषा त्याच्यापाशी राहू देते काय, हेही पाहावे. याच दृष्टीने टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता लक्षणीय आहे. पारध्याने घायाळ केलेल्या पक्षिणीची ही कविता पिढ्यान्‌पिढ्या सर्व धर्मांच्या मराठी मुलांनी शाळेत पाठ केली. ती लिहिणारा ख्रिस्ती पाद्री होता हे त्यांतील कित्येकांना ठाऊकही नसेल. या ठिकाणी बहुसंख्य समाजाच्या मुलांनी एका ख्रिस्ती माणसाकडून करुणा घेतली आहे. म्हणजे घेण्याचा हा धडा केवळ ख्रिस्ती घरांपुरता नाही, तो उलट दिशेनेही लागू पडतो.

आज महाराष्ट्रातील मिशनच्या शाळांत ख्रिस्तेतर मुलांचीच संख्या मोठी असते. तेथील ख्रिस्ती मूल शाळेत यजमान असते आणि शाळेबाहेर पडताच अल्पसंख्य. यजमानपण आणि पाहुणेपण अशा दोन्ही भूमिका त्याला एकाच दिवशी वठवाव्या लागतात. त्याला केवळ देण्याचे शिक्षण दिले तर ते पहिल्या भूमिकेत उदार आणि दुसरीत भयभीत होईल. घेण्याचेही शिक्षण दिले तर शेजारच्या मुलाच्या डब्यातील दिवाळीचा लाडू किंवा ईदचा शीरखुर्मा घेताना त्याला आपली श्रद्धा गमावल्यासारखे वाटणार नाही, आणि त्याने दिलेला नाताळचा केकही शेजारचे मूल निःशंकपणे घेईल. शारदा सदनाच्या वादाने दाखवून दिल्याप्रमाणे त्यासाठी दोन्हीकडच्या पालकांचा परस्परांवर विश्वास असणे अपरिहार्य आहे. तो विश्वास परिपत्रकाने निर्माण होत नाही. एकमेकांच्या घरी पाणी घेण्याने होतो.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे सर्वांत मोलाचे शैक्षणिक संचित उपदेशपर पुस्तिकांत नसून एका अल्पशिक्षित बाईने सांगितलेल्या घरगुती आठवणींत आहे, असा निष्कर्ष या विवेचनातून काढता येतो. ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ अध्यापनशास्त्राचा म्हणून कोणी लिहिला नाही, आणि कदाचित त्यामुळेच त्यातील शिक्षण खरे उतरले. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी आणि शिक्षकांनीही तो या दृष्टीने पुन्हा वाचावा, एवढीच या निबंधाची अपेक्षा आहे.